सोनेरी गुडघा आणि साधा गुडघा

ऑक्टोबर २००० मध्ये भारताचे तत्कालीन पंतप्रधान श्री. अटलबिहारी वाजपेयी ह्यांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी इस्पितळात बदलण्यात आला, आणि पुढील वर्षी जून महिन्यात उजवा. शस्त्रक्रिया करणारे डॉ. चित्तरंजन राणावत हे त्यासाठी न्यूयॉर्कहून आले होते. त्यापूर्वी आपल्या देशात गुडघे बदलले जात नव्हते असे नव्हे. परंतु 'गुडघा बदलणे' हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांतून निघून खेड्यातील ओट्यावर येऊन बसला तो बहुधा त्या बातमीपासून. त्या काळी तो थोरामोठ्यांचा आजार आणि थोरामोठ्यांचा उपाय वाटे. आज सिल्वासा, नरोली, खानवेल ह्या बाजूच्या कोणत्याही वाडीत शिरावे, तर एखाद्या घरी तरी गुडघा बदललेली माणसे किंवा तो बदलावा की न बदलावा ह्या विवंचनेत पडलेली माणसे भेटतात.

धर्मग्रामातील मंडळी पुष्कळदा इस्पितळाने दिलेला खर्चाचा कागद घेऊन आमच्याकडे येतात, कारण तो इंग्रजीत असतो. अशाच एका कागदावर तीन निरनिराळे गुडघे आणि त्यांच्या तीन किमती मांडलेल्या होत्या. पहिला साधा, दुसरा अधिक वाकणारा म्हणून सांगितलेला, आणि तिसरा सोनेरी. कागद आणणारा मुलगा म्हणाला, "फादर, शेताचा एक तुकडा गहाण टाकू, पण आईच्या पायात हलका माल नको." त्या बोलण्यातील माया खरी होती. त्यातील हिशेब मात्र तपासून पाहण्याजोगा आहे, कारण तीन किमती समोर दिसल्या की सर्वांत मोठी तीच सर्वांत चांगली, असे मनुष्याचे मन न विचारता धरून चालते. बाजारात बैल घेताना आम्ही असे करीत नाही. तेथे दात पाहतो, चाल पाहतो, मागील धन्याला विचारतो.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. गुडघा बदलणे म्हणजे अख्खा गुडघा काढून तेथे दुसरा बसवणे, अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक मांडीच्या हाडाचे खालचे टोक व नडगीचे वरचे टोक ह्यांवर कूर्चेचा जो गुळगुळीत थर असतो तो झिजून हाडावर हाड घासू लागते, तेव्हा त्या टोकांचा थोडासा भाग कापून, दाढेवर टोपी बसवावी तशी धातूची टोपी वरच्या हाडावर बसवतात, खालच्या हाडावर धातूची तबकडी बसवतात, आणि दोहोंच्या मध्ये पॉलिइथिलीन नावाच्या चिवट प्लॅस्टिकची गादी ठेवतात. ही रचना १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये सिद्ध झाली. ती बसवणाऱ्या मंडळींत डॉ. इन्सॉल ह्यांच्या जोडीला वर उल्लेखिलेले डॉ. राणावत होते. आज बाजारात जे शेकडो नमुने दिसतात ते बहुतेक त्याच घराण्यातले होत. टोपीचा धातू सर्वसाधारणपणे कोबाल्ट व क्रोमियम ह्यांचा मिश्रधातू असतो. कागदावरचा 'साधा' तो हाच.

आता किंमत. १६ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांना कमाल किंमत घालून दिली. कोबाल्ट-क्रोमियमचा जो गुडघा तोवर सरासरी १,५८,३२४ रुपयांच्या छापील किमतीने विकला जाई, त्याची मर्यादा कर सोडून ५४,७२० रुपये ठरली. टायटेनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियम ह्या विशेष धातूंचा गुडघा सरासरी २,४९,२५१ रुपयांना असे. तो ७६,६०० वर आणला गेला. अधिक वाकणारा म्हणून जो विकतात तो १,८१,७२८ वरून ५६,४९० वर आला. एकदा बसवलेला गुडघा निकामी झाल्यावर दुसऱ्यांदा बसवावयाचा सांधा मात्र १,१३,९५० रुपयांचा राहिला, आणि हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. ह्या मर्यादेची मुदत पुढे वेळोवेळी वाढवण्यात आली व आकड्यांत थोडेफार फेर झाले. चालू आकडा इस्पितळात विचारावा.

किंमत एवढी उतरू शकली ती कशी? प्राधिकरणाने चौकशी केली तेव्हा आयात करणारा, वितरक व इस्पितळ अशा हातांतून जाताना ह्या वस्तूवर सरासरी ३१३ टक्के नफा चढत असल्याचे आढळले. म्हणजे जी वस्तू शंभर रुपयांना दारी आली, ती रुग्णाच्या बिलात चारशे तेरा रुपयांची झाली. देशात त्या वेळी दरवर्षी एक ते दीड लाख गुडघे बदलले जात, आणि ह्या एका आदेशाने रुग्णांचे वर्षाकाठी सुमारे १,५०० कोटी रुपये वाचतील असे सरकारने सांगितले. आमच्या मते त्या आदेशातील रुपयांइतकीच मोलाची गोष्ट दुसरी होती. जी वस्तू अडीच लाखांची म्हणून 'उत्तम' आणि दीड लाखाची म्हणून 'मध्यम' गणली जात होती, त्या दोन्ही किमतींचा वस्तूच्या गुणांशी फारसा संबंध नव्हता, हे त्यामुळे सरकारी कागदावर आले.

मग गुणाचा पुरावा कोठे शोधावा? तो शोधण्याची एक चांगली रीत स्वीडन देशाने घालून दिली. तेथे १९७५ पासून बसवलेल्या गुडघ्यांची व १९७९ पासून बसवलेल्या खुब्यांची देशव्यापी नोंदवही ठेवली जाते. आमच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू ह्यांच्या वह्या असतात, तशीच ही वही. कोणाला, कोणत्या दिवशी, कोणत्या नमुन्याचा सांधा बसवला आणि तो पुन्हा कधी काढावा लागला, एवढेच तीत लिहितात. ऑस्ट्रेलियाने १९९९ मध्ये व इंग्लंडने २००३ मध्ये तसेच केले. अशा नोंदी एकत्र करून २०१९ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात जे प्रसिद्ध झाले त्यावरून, पूर्ण बदललेल्या शंभर गुडघ्यांपैकी सुमारे ८२ गुडघे पंचवीस वर्षांनंतरही जागच्या जागी टिकून होते. हे आकडे साध्या, जुन्या नमुन्यांचे आहेत, कारण पंचवीस वर्षांपूर्वी बसवलेले नमुने जुनेच असणार. आमच्या वाचकांच्या दृष्टीने ह्यात मोठे समाधान आहे. पासष्टाव्या वर्षी साधा गुडघा बसवलेल्या माउलीला तो बहुधा आयुष्यभर पुरतो. सत्तरीनंतर गुडघा बदललेल्यांपैकी पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ शेकडा पाचांवरही येत नाही, असा हिशेब इंग्लंडमधील रुग्णांवरून २०१७ साली मांडला गेला. पन्नाशीच्या आरंभी गुडघा बदलणाऱ्या पुरुषांत मात्र हेच प्रमाण शेकडा पस्तिसापर्यंत चढते. घाई कोणी करू नये हे ह्यावरून कळेल.

सोनेरी गुडघ्याचे काय? त्याचा सोन्याशी संबंध नाही. टायटेनियमच्या एका संयुगाचा पातळ मुलामा त्याच कोबाल्ट-क्रोमियमवर चढवला की पिवळा रंग येतो. मुलाम्यामुळे धातूचे कण कमी सुटतात व निकेलसारख्या धातूची ॲलर्जी असलेल्यांना बरे पडते, असे सांगतात. ॲलर्जी खरोखर सिद्ध झालेली असेल तर गोष्ट वेगळी. एरवी असा गुडघा साध्याहून अधिक वर्षे टिकतो, हे कोणत्याही मोठ्या नोंदवहीने दाखवलेले नाही. काळसर झिर्कोनियमच्या महागड्या गुडघ्याविषयी तर ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत बारा वर्षांचा पडताळा झाला, आणि तो साध्या धातूहून कमी वेळा काढावा लागला असे दिसले नाही.

'अधिक वाकणारा' गुडघा हे आमच्या भागातील लोकांना पडणारे दुसरे मोहजाल. मोह समजण्यासारखा आहे. आमच्या स्त्रियांचा अर्धा दिवस चुलीपुढे उकिडवे बसण्यात आणि आवणीच्या दिवसांत चिखलात वाकण्यात जातो. मांडी घालून बसता येणार नसेल तर गुडघा बदलून काय मिळवले, असे त्यांस वाटते. परंतु साधा व अधिक वाकणारा अशा दोन्ही गुडघ्यांची तुलना करून जे प्रयोग झाले, त्यांत फरक पडला तर केवळ काही अंशांचा, आणि चालण्यात व वेदनेत तर सांगण्याजोगा काहीच नाही. शस्त्रक्रियेनंतर गुडघा किती वाकेल हे मुख्यतः तो शस्त्रक्रियेपूर्वी किती वाकत होता ह्यावर, आणि नंतरच्या महिना-दोन महिन्यांच्या व्यायामावर अवलंबून असते. ज्याचा गुडघा पाच वर्षे आखडून बसला आहे त्याला कागदावरचा आकडा उकिडवे बसवू शकत नाही.

ह्याच गरजेतून पुण्याचे डॉ. कांतिलाल हस्तीमल संचेती ह्यांनी 'इंडस' नावाचा गुडघा रचला, हे येथे सांगितले पाहिजे. आयात केलेले सांधे पाश्चात्त्य देहयष्टीच्या मापाचे असत. आमच्या ठेंगण्या, बारीक हाडाच्या स्त्रियांना ते कडेने बाहेर डोकावत. भारतीय हाडाचे माप, खाली बसण्याची सवय आणि भारतीय खिसा ह्या तिहींचा विचार करून तो गुडघा देशात तयार झाला. आज तर आमच्या शेजारी वापी येथे मेरिल ह्या कंपनीचे आणि रत्नागिरी जिल्ह्यात देवरुखजवळ साडवली येथे ॲडलर ह्या कंपनीचे सांधे तयार होतात. जे इम्प्लांट पूर्वी जर्मनीहून वा अमेरिकेहून येई ते आता वापीच्या फाट्यावरून येते, ही गोष्ट थोडी नव्हे. देशी म्हणून हलका आणि परदेशी म्हणून भारी, असा निकाल आम्ही देणार नाही. उलटही देणार नाही. प्रश्न एवढाच विचारावा की ह्या नमुन्याचा किती वर्षांचा दाखला आहे. इंग्लंडात 'ओडेप' नावाची समिती प्रत्येक नमुन्याला एक दर्जा देते. त्यातील आकडा पुराव्याची वर्षे सांगतो व अक्षर पुराव्याचे बळ सांगते. 'दहा-ए' म्हणजे दहा वर्षांचा सबळ पुरावा. डॉक्टरांना हा दर्जा विचारण्यात अविनय मुळीच नाही, आणि चांगल्या शल्यविशारदाला हा प्रश्न विचारलेला आवडतो.

अर्धा गुडघा बदलण्याचीही एक शस्त्रक्रिया आहे. झीज गुडघ्याच्या एकाच बाजूला असेल तर तेवढीच बाजू बदलतात. ब्रिटनमध्ये २७ इस्पितळांतील ५२८ रुग्णांना अर्धा किंवा पूर्ण अशा दोन गटांत वाटून पाच वर्षे पाहण्यात आले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे दोन्ही गटांची प्रकृती जवळजवळ सारखीच राहिली व अर्ध्याचा खर्च कमी आला. तथापि पंचवीस वर्षांच्या हिशेबात अर्धे गुडघे शंभरांत सुमारे ७० टिकतात, पूर्ण ८२. ज्याला तो लागू पडतो त्याने डॉक्टरांशी बोलावे.

आणखी एक कटू गोष्ट. गुडघा उत्तम बसला, जखम भरली, क्ष-किरणाचे चित्र सुरेख आले, तरीही पाच रुग्णांमागे सुमारे एक रुग्ण समाधानी नसतो. कोणाची कळ पुरती जात नाही, कोणाचा ताठरपणा. इम्प्लांट महाग घेतल्याने हे प्रमाण घटत नाही. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी वजन उतरवणे, मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि योग्य औषध हे मनापासून करून पाहावे. डेन्मार्कमध्ये शंभर रुग्णांवर झालेला एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्यांना वर्षअखेर निश्चित अधिक आराम पडला होता. परंतु केवळ व्यायाम-औषधांच्या गटातील चौघांपैकी तिघांनी त्या वर्षी शस्त्रक्रिया करून घेतलीच नाही, आणि गंभीर उपद्रवही त्याच गटात कमी झाले. डॉक्टर 'बदला' म्हणाले म्हणजे उद्याच बदलला पाहिजे असे क्वचितच असते.

आता खुब्याकडे वळू. येथे प्रकरण अधिक गंभीर आहे, कारण खुब्याच्या सांध्याला २०१७ च्या त्या आदेशाने मर्यादा घातली नाही, आणि येथे चुकीच्या निवडीने माणसे खरोखर पोळली आहेत.

खुब्याचा कृत्रिम सांधा ज्यांनी यशस्वी केला ते जॉन चार्नली हे इंग्लंडमधील लँकेशायरच्या रायटिंग्टन इस्पितळातील शल्यविशारद. मांडीच्या हाडात धातूचा दांडा व त्यावर छोटा गोळा, कंबरेच्या हाडात प्लॅस्टिकची वाटी, आणि दोन्ही घट्ट बसवण्यास दातांच्या वैद्यकातील सिमेंट, अशी त्यांची युक्ती. वाटीसाठी आरंभी त्यांनी टेफ्लॉन वापरले. सुमारे तीनशे रुग्ण आनंदाने चालू लागले आणि काही वर्षांतच टेफ्लॉन झिजून त्याच्या कणांनी सांध्याभोवती गाठी धरल्या. चार्नलींनी त्या रुग्णांना दुसऱ्याकडे धाडले नाही. सांधे काढण्याचे क्लेशकारक काम स्वतः केले. १९६२ च्या मे महिन्यात एक विक्रेता मागांच्या दातेरी चाकांसाठी वापरण्यात येणाऱ्या प्लॅस्टिकचा तुकडा घेऊन आला. चार्नलींना त्यात राम वाटला नाही, पण त्यांचे कारागीर हॅरी क्रेव्हन ह्यांनी तो तुकडा चाचणीयंत्रावर लावून दिवसेंदिवस फिरवत ठेवला. झीज जवळजवळ दिसेना. तेव्हा चार्नलींनी त्या पदार्थाचा व टेफ्लॉनचा तुकडा स्वतःच्या मांडीत घालून देहावर काय परिणाम होतो ते पाहिले, आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये पहिली वाटी रुग्णात बसवली. एवढ्यावरही त्यांची घाई नव्हती. जे शल्यविशारद आपल्याकडे शिकून गेले नाहीत त्यांस हा सांधा विकू नये असे बंधन त्यांनी कारखानदारावर घातले होते, आणि मरणोत्तर आपला खुबा तपासणीस द्यावा अशी विनंती ते रुग्णांना करीत. पोळलेल्या माणसाचा हा शहाणपणा होता.

चाळीस वर्षांनी तो शहाणपणा विसरला गेला. २००३ मध्ये डीप्यू ह्या कंपनीने 'एएसआर' नावाचा खुबा बाजारात आणला. त्यात प्लॅस्टिक नव्हते. धातूच्या वाटीत धातूचा गोळा. तरुण, धावपळीच्या रुग्णांना तो अधिक टिकेल असे सांगण्यात येई. प्रत्यक्षात धातूवर धातू घासून कोबाल्ट व क्रोमियमचे कण रक्तात उतरू लागले आणि सांध्याभोवतालचे मांस नासू लागले. हे उघडकीस आणले ते ऑस्ट्रेलिया व इंग्लंड येथील नोंदवह्यांनी. पाच वर्षांच्या आत शंभरांमागे बारा-तेरा खुबे काढावे लागत होते. चांगल्या खुब्याचे प्रमाण काय असावे हे ब्रिटनच्या वैद्यकीय मूल्यमापन संस्थेने २०१४ साली ठरवले आहे, ते दहा वर्षांत शंभरांमागे पाचांपेक्षा अधिक नसावे असे. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने जगभरातून तो माल परत बोलावला. तोवर सुमारे ९३,००० माणसांत तो बसला होता. भारतात सुमारे ४,७०० जणांत. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ साली मुंबईत पोलिसांकडे फिर्याद नोंदवली, केंद्राने डॉ. अरुण अगरवाल ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली ती २०१७ मध्ये, आणि तिने पुढील वर्षी प्रत्येक पीडितास किमान २० लाख रुपये भरपाईची शिफारस केली.

ह्या खुब्याची कथा आम्ही लांबवली ती अशासाठी की तो नवा होता, आणि 'तरुणांसाठी खास' म्हणून विकला जात होता. आमच्या भागात खुबा बदलण्याची वेळ येणारे पुष्कळ जण तरुणच असतात. पाश्चात्त्य देशांत खुबा मुख्यतः म्हातारपणी झिजतो. आपल्याकडे मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो गोळा कोसळणे हे मोठे कारण आहे. अतिरिक्त मद्यपान आणि दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडची औषधे ही त्याची ठाऊक कारणे. करोनातून बरे झालेल्यांत हा विकार दिसू लागल्याचे २०२१ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी नोंदवले. आणि तिसरे कारण सिकलसेल. दादरा व नगर हवेलीत २०११ च्या जनगणनेप्रमाणे निम्म्याहून अधिक लोक आदिवासी आहेत, आणि वारली, धोडिया, कोकणा घरांना हा रक्तदोष अपरिचित नाही. कोयत्याच्या आकाराच्या रक्तपेशी बारीक वाहिन्यांत अडकतात व गोळा उपाशी मरतो. मुलगा वीस-पंचवीस वर्षांचा, लंगडत चालणारा, कंबर-मांडीच्या दुखण्याला 'वात' म्हणून तेल चोळणारा, अशी घरे आम्ही पाहिली आहेत. हा विकार आरंभीच कळला तर काही वेळा खुबा वाचवता येतो. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली असून ही रक्ततपासणी सरकारी दवाखान्यांत होते. ती करून घ्यावी.

पंचविशीत बसवलेला खुबा जन्मभर पुरणे कठीण. आधी सांगितलेल्या लॅन्सेटमधील लेखांप्रमाणे पंचवीस वर्षांनी शंभरांत सुमारे ५८ खुबे टिकून असतात. म्हणून तरुणाच्या बाबतीत वस्तूच्या टिकाऊपणाला खरा अर्थ आहे, आणि येथे थोडे अधिक पैसे कधी कधी सार्थकी लागतात. विशेष प्रक्रियेने चिवट केलेल्या पॉलिइथिलीनची वाटी साध्या पॉलिइथिलीनपेक्षा पुष्कळ कमी झिजते, हे आता नि:संशय ठरले आहे. चिनी मातीसारख्या सिरॅमिकचा गोळाही तरुणांना देतात. सिरॅमिकवर सिरॅमिक मात्र क्वचित कुरकुर आवाज करते व क्वचित तडकते. सिमेंटविना बसणारा खुबा महाग असतो आणि हाड तरुण व घट्ट असेल तेथे तो शोभतो. पासष्टीनंतर चित्र उलटते. ब्रिटन व स्वीडनच्या नोंदींवरून २०१९ साली खर्च व लाभ ह्यांचा मेळ घातला गेला, तेव्हा वृद्ध स्त्रीपुरुषांना सर्वांत किफायतशीर ठरला तो सिमेंटने बसवलेला, धातूचा लहान गोळा व पॉलिइथिलीनची वाटी असलेला खुबा; म्हणजे जवळजवळ चार्नलींचाच. आजी अंगणात घसरून पडली, मांडीचे हाड मानेशी मोडले आणि अर्धा खुबा बदलावयाचा, ही घटना तर प्रत्येक पावसाळ्यात घडते. तेथेही १,२२५ वृद्ध रुग्णांच्या ब्रिटिश प्रयोगात, जो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, सिमेंटचा अर्धा खुबा सिमेंटविना बसवलेल्यापेक्षा सरस ठरला.

आता पुन्हा त्या खर्चाच्या कागदाकडे. गुडघ्याच्या इम्प्लांटला मर्यादा आहे, पण खोलीचे भाडे, भूल, शस्त्रक्रियागृह, डॉक्टरांची फी ह्या रकान्यांना त्या आदेशाचा अंमल लागू नाही. दोन इस्पितळांची तुलना करताना एकट्या इम्प्लांटची किंमत न पाहता सर्व रकान्यांची बेरीज पाहावी. यंत्रमानवाच्या साहाय्याने शस्त्रक्रिया करू, असेही हल्ली सांगतात व त्याचे निराळे पैसे घेतात. हाड अधिक नेमके कापले जाते हे खरे. रुग्ण त्यामुळे वर्षांनंतर अधिक चांगला चालतो, असा भक्कम पुरावा अजून पुढे आलेला नाही. त्याऐवजी हे शल्यविशारद वर्षाला किती गुडघे बदलतात हे विचारावे; हातखंडा असलेल्याकडे उपद्रव कमी होतात हे मात्र सिद्ध आहे. शंभरांमागे एक-दोघांना सांध्यात जंतूंचा संसर्ग होतो, आणि मग ती १,१३,९५० रुपयांची दुसरी बारी उभी राहते. सोनेरी मुलामा जंतूंना अडवीत नाही. ताब्यात ठेवलेला मधुमेह, वेळीच काढलेली किडकी दाढ आणि स्वच्छ जखम अडवतात. सोनेरीचे जे पैसे वाचतील त्यांतून सहा आठवडे व्यायाम शिकवणाऱ्याची फी, एक उंच खाट आणि घरात कमोड एवढे करावे, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

शेत गहाण टाकण्यापूर्वी सरकारी वाट चोखाळावी. सिल्वासा येथे श्री विनोबा भावे नागरी रुग्णालय पूर्वीपासून आहे. २०१९ मध्ये येथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि ७ मार्च २०२५ रोजी ४५० खाटांच्या नमो इस्पितळाचे उद्घाटन झाले. आयुष्मान भारत योजनेखाली पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचार मोफत मिळतात. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील प्रत्येक वृद्धाला, उत्पन्न कितीही असो, निराळे कार्ड मिळते. आपल्याला हवी ती शस्त्रक्रिया कोणत्या इस्पितळात त्या योजनेत बसते, हे तेथील योजनेच्या खिडकीवर आधी विचारून घ्यावे. भरती झाल्यावर विचारू नये.

शेवटी कागदाची एक गोष्ट, जी खर्चाची नाही तरी फार मोलाची आहे. गुडघ्याच्या इम्प्लांटची किंमत, नमुन्याचे नाव, कारखानदार वा आयात करणारा आणि बॅच क्रमांक बिलात स्वतंत्रपणे लिहिलाच पाहिजे असे २०१७ च्या आदेशात आहे. शिवाय प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर हाच मजकूर छापलेली चिकटपट्टी असते. तिची एक प्रत शस्त्रक्रियेनंतर मागून घ्यावी, खुबा असो वा गुडघा. भारतातील त्या ४,७०० एएसआर रुग्णांपैकी सुमारे ३,६०० जणांचा पत्ता अगरवाल समितीच्या अहवालापर्यंत लागला नव्हता. त्यांच्यासाठी तपासणी होती, दुसरी शस्त्रक्रिया होती, भरपाईची शिफारस होती. ती पोहोचवावी कोणाकडे हेच कळत नव्हते. ज्या पत्र्याच्या पेटीत बाप्तिस्म्याचे दाखले आणि सातबाराचा उतारा ठेवता, त्याच पेटीत ती चिकटपट्टी ठेवावी, आणि पेटीत ती कोठे आहे हे सुनेलाही दाखवून ठेवावे.